चुकांची वजाबाकी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘तिसरे पुष्प गुंफतील’ असं छापलं आहे. छत्तीस वर्षं मी दंत महाविद्यालयात कृत्रिम दात कसे करायचे ते शिकवलं. कालवणं, ओतणं, खरवडणं आणि घासणं एवढंच या हातांना माहीत, तेव्हा गुंफण्याची अपेक्षा ठेवू नका. इथे टेबलावर थोडं सामान मांडलंय, ते व्याख्यान संपल्यावर हातात घेऊन पाहा. प्लास्टरचं एक मॉडेल आहे, गुलाबी मेणाचा पत्रा आहे, लाखेची तपकिरी पाटी आहे, लवंगेचा वास येणाऱ्या दोन ट्यूब आहेत. आणि चार दातांची एक छोटी कवळी आहे. ती कुणालाही बसत नाही. म्हणूनच मी ती इतकी वर्षं जपून ठेवली आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या मास्तरांची कवळी मी केली होती, हे इथे फार थोड्यांना माहीत असेल. खालची कवळी ते घरात लावायचे नाहीत. स्टीलच्या वाटीत पाणी घालून ती खिडकीत ठेवलेली असायची. व्याख्यान असलं की लावायची, घरी आलं की पुन्हा वाटीत. मी एकदा रागावून विचारलं, ‘‘जेवताना का नाही लावत?’’ म्हणाले, ‘‘भाकरी मी दुधात कुस्करून खाईन गं. त, थ, द, ध कुस्करता येत नाहीत.’’

व्याकरण शिकवणारा माणूस तो. दंत्य वर्णांना दंत्य का म्हणतात, हे दात पडल्यावर कळतं, असं ते म्हणायचे. आमच्या धंद्यातही बोलण्याची एक परीक्षा असते. कवळी अजून मेणावर असते, दात फक्त टोचून बसवलेले असतात, तेव्हा ती तोंडात घालून माणसाला आकडे म्हणायला सांगायचे. मराठीत त्यासाठी साठीच्या पलीकडचे आकडे उत्तम. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. ‘स’ म्हणताना वरचे आणि खालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण टेकत नाहीत. दात उंच बसले असतील तर त्या जागी टक् असा आवाज होतो. मास्तर पासष्टला थांबले. म्हणाले, ‘‘इथे वाजलं.’’ मला ऐकूही आलं नव्हतं. मेण गरम केलं, खालचे दात किंचित उतरवले, पुन्हा आकडे. एकोणसत्तरपर्यंत बिनआवाजी गेले आणि म्हणाले, ‘‘आता सत्तरीला हरकत नाही.’’

ते किंचित म्हणजे किती, यावरच मला आज बोलायचं आहे.

भातात खडा लागला की अख्खं घर दचकतं. तो खडा मोठाच असतो. पण खऱ्या दातांना, एकमेकांवर टेकताना मधे आलेली वीसेक मायक्रॉनची चकतीसुद्धा जाणवते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा धरा. म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी चूक तोंडाला कळते. आता दाढेवर बसवायची टोपी, जिला सगळे कॅप म्हणतात, ती दहा मिलिमीटर रुंद असेल आणि करताना एक टक्का लहान झाली, तर शंभर मायक्रॉन गेले. ती दाढेवर उतरणारच नाही. आणि गंमत अशी, की ती करायला आमच्याकडे जे जे पदार्थ आहेत त्यांतला एकही आपल्या मापाला धरून राहत नाही. कोणी आकसतं, कोणी फुगतं. काही तर सकाळी फुगतात आणि दुपारी आकसतात.

सुरुवात मापापासून करू. तुमच्यापैकी अनेकांनी ते दिलेलं असेल. लोखंडी ट्रेमध्ये गुलाबी नाहीतर हिरवट लगदा भरून डॉक्टर तोंडात कोंबतात, आणि ‘नाकानं श्वास घ्या’ म्हणतात. तो लगदा म्हणजे अल्जिनेट, समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून काढलेला. एडवर्ड स्टॅनफर्ड या रसायनतज्ज्ञानं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या शेवाळातून तो पदार्थ वेगळा केला आणि १८८१ साली त्याचं पेटंट घेतलं. दातांशी तेव्हा त्याचा काही संबंध नव्हता. दातांच्या मापाला आधी वापरात आलं ते दुसरं शेवाळ, अगार. आपल्याकडे उपासाला किंवा पुडिंगला जे चायना ग्रास आणतात तेच. व्हिएन्नाच्या अल्फोन्स पोलर यांनी १९२५ साली त्याचं माप घेण्याजोगं मिश्रण पेटंट केलं. गरम केलं की पातळ, थंड झालं की घट्ट. छान चाललं होतं. पण अगार यायचं मुख्यतः जपानमधून. दुसरं महायुद्ध पेटलं, जपानचा माल बंद झाला, आणि पाश्चात्त्य दंतवैद्यांना दुसरं शेवाळ शोधावं लागलं. अल्जिनेट दवाखान्यात आलं ते असं, नाइलाजानं. आज अगार बहुतेक दवाखान्यांतून गेलं आहे, नाइलाज मात्र टिकला.

अल्जिनेटची युक्ती सोपी आहे. सोडियमचं अल्जिनेट पाण्यात विरघळतं, कॅल्शियमचं विरघळत नाही. पुडीत सोडियमचं अल्जिनेट असतं आणि कॅल्शियम देणारं जिप्समही असतं. पाणी घातलं की दोघांची गाठ पडून जेली होणार. ती लगेच होऊ नये म्हणून थोडं फॉस्फेट घालतात. ते आधी कॅल्शियम गिळत राहतं, संपलं की जेली धरते. आपल्याला जी दोन-तीन मिनिटं मिळतात ती या फॉस्फेटची कृपा. पाणी कोमट असेल तर तीही मिळत नाहीत. आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी इतकं तापलेलं असायचं की लगदा रबरी वाटीतच गोठायचा, ट्रेपर्यंत पोचायचा नाही. मी विद्यार्थ्यांना माठातलं पाणी वापरायला लावायची. पुस्तकात ‘थंड पाणी’ लिहिलेलं असतं. माठ लिहिलेला नसतो.

आता ती छोटी कवळी. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एसटीचे एक कंडक्टर आले. पुढचे चार दात अपघातात गेलेले. मी माप घेतलं, अगदी देखणं निघालं, स्वतःवर खूश झाले. ट्रे टेबलावर ठेवला, वर पंखा चालू, आणि चहाला गेले. गप्पा लांबल्या. पाऊण तासानं परतले तेव्हा आमच्या लॅबमधले मामा ट्रेजवळ उभे होते. त्यांनी मापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता प्लास्टर ओतलं. आठ दिवसांनी कवळी तयार झाली. तोंडात घातली, तर पाळण्यासारखी झुलायला लागली. डावीकडे दाबली की उजवीकडे उठायची. कंडक्टरांची एक ड्युटी बुडाली होती, तरी बिचारे म्हणाले, ‘‘असू द्या, होतं असं.’’

मामा मात्र म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही चहा प्यालात, तेवढ्यात मापानं बी पाणी सोडलं. हिशेब बरोबर झाला.’’

‘‘मग ओतताना का नाही सांगितलंत?’’

‘‘तुम्ही डॉक्टर,’’ म्हणाले, आणि कामाला लागले.

अल्जिनेटच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. उघड्यावर ठेवलं की ते पाणी जातं आणि माप आकसतं. पाण्यात बुडवून ठेवलं तर उलट ते पाणी पितं आणि फुगतं. ओल्या फडक्यात गुंडाळलं तरी थोडाच वेळ मिळतो. दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टर ओतावं हे बरं. पण मामांच्या त्या वाक्यातून मला कळलं ते याहून मोठं होतं. आकसण्याचं दुःख नाही. ते सगळीकडून सारखं आकसत नाही, हे दुःख. जाड भागात जास्त, पातळ भागात कमी, पंख्याच्या बाजूला आणखी निराळं. म्हणजे चूक दोन प्रकारची असते, हिशेबी आणि बेहिशेबी. हिशेबी चूक पुढे दुसऱ्या चुकीनं फेडता येते. बेहिशेबी चुकीला फक्त माप पुन्हा घ्यायचं असतं. आमची सगळी विद्या म्हणजे बेहिशेबी चुकांना हिशेबात आणणं. मला तरी छत्तीस वर्षांत यापेक्षा वेगळं काही सापडलं नाही.

प्लास्टर ही हिशेबी चुकीची पहिली पायरी. खाणीतलं जिप्सम भाजलं की त्यातलं बहुतेक पाणी उडतं आणि पांढरी पूड राहते. तिला पाणी परत दिलं की स्फटिक पुन्हा धरतात, एकमेकांना ढकलतात, आणि सगळा गोळा हातात गरम होतो. ढकलाढकलीमुळे तो किंचित फुगतो. आता घरातली उपमा देते. उघड्या कढईत भाजलेलं जिप्सम म्हणजे साधं प्लास्टर, गणपतीच्या मूर्तीचं. कुकरमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाखाली शिजवलेलं जिप्सम म्हणजे आमचा डेंटल स्टोन. रसायन एकच. पण कढईतल्याचे कण सच्छिद्र, वेडेवाकडे. १०० ग्रॅमला ५० मिलिलिटर पाणी पितात. कुकरमधले कण घट्ट, नेटके. त्यांना २८-३० मिलिलिटर पुरतं. खऱ्या रासायनिक गरजेला १९च्या आतच लागतं. जास्तीचं पाणी नंतर वाळून जातं आणि मागे भोकं ठेवतं, म्हणून साधं प्लास्टर नखानं खरवडलं जातं आणि स्टोन ठणठणतो. स्टोन फुगतो तो टक्क्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. पाणी मोजून घातलं तर दर वेळी तेवढाच. मोजलं नाही तर कितीही. मामांच्या कपाटात एक मापाचा पेला होता, त्याला दुसऱ्या कुणी हात लावला की ते जेवायचे नाहीत.

लाखेची पाटी पाहिलीत ना? ही आपल्या ओळखीची वस्तू. पळसावर, कुसुमावर, बोरीवर लाखेचा किडा पोसतात. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूला, आणि देशात सगळ्यांत जास्त झारखंडाकडे. बांगड्यांची लाख, टपालाच्या थैलीवरची लाख, पांडवांसाठी बांधलेल्या घराची लाख, आणि कवळीची ही पाटी, सगळी एकाच कुळातली. ज्योतीवर धरली की कातड्यासारखी मऊ होते, मॉडेलवर दाबली की तोच आकार घेते. याच लाखेसारखे राळ-पदार्थ, स्टिअरिक आम्ल आणि शंखजिरं घातलेली एक तपकिरी वडी असायची; गरम पाण्यात मऊ करून दात नसलेल्या तोंडाचं माप घ्यायला. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

इथे हृदयात स्टेंट बसवलेले कितीजण आहेत? हात वर करा. बरेच आहात. त्या शब्दाचा मूळ धनी दंतवैद्य होता. लंडनचे चार्ल्स स्टेंट. १८५०च्या दशकात त्यांनी गटापर्चाच्या चिकात स्टिअरिन, राळ आणि शंखजिरं मिसळून मापाची अशी वडी केली की ती काढताना वाकडी होत नसे. तिला ‘स्टेंट्स’ म्हणायला लागले. पुढे पहिल्या महायुद्धात योहानेस एसर हे डच शल्यविशारद चेहरे फाटलेल्या सैनिकांवर त्वचेचं कलम करत होते. कलम जागेवर दाबून धरायला त्यांनी हीच वडी वापरली. मग शरीरातला कुठलाही भाग आकारात धरून ठेवणाऱ्या वस्तूला स्टेंट म्हणायची सवय लागली, आणि १९८६ साली हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली गेली तेव्हा तिला तेच नाव मिळालं. तेव्हा पुढच्या वेळी हृदयरोगतज्ज्ञांनी रुबाब केला तर सांगा, शब्द आमच्या डॉक्टरीणबाईंच्या घरचा आहे.

असो. कवळीकडे वळते.

कवळीचा पाया एकेकाळी हस्तिदंताचा, नाहीतर सोन्याचा. म्हणजे श्रीमंतांचाच. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक घालून रबर पक्कं करण्याची रीत शोधली, त्यांच्या भावानं १८५१ साली कडक रबराचं पेटंट घेतलं, आणि मध्यमवर्गाला पहिल्यांदा नीट बसणारी कवळी परवडली. लालसर तपकिरी रंग, चवीला रबर, पण बसायची घट्ट. अमेरिकेत कवळीच्या रबराचं पेटंट एका कंपनीकडे गेलं आणि तिनं प्रत्येक दंतवैद्याकडून परवान्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली. देत नाही म्हणालात तर खटला. कंपनीचे खजिनदार जोसाया बेकन गावोगावी फिरून डॉक्टरांना कोर्टात खेचायचे. सॅम्युएल चाल्फंट नावाचा एक दंतवैद्य या शहरातून त्या शहरात पळत राहिला. १३ एप्रिल १८७९, ईस्टरचा रविवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात चाल्फंटनं बेकन यांच्यावर गोळी झाडली. बेकन गेले, चाल्फंट तुरुंगात गेला. दोन वर्षांनी, १८८१ साली, पेटंटाची मुदतच संपली. विद्यार्थ्यांना हा भाग शिकवताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. त्याच तासात सांगितलेलं रबराचं रसायन मात्र परीक्षेत कुणालाच आठवायचं नाही.

आजची गुलाबी कवळी अ‍ॅक्रिलिकची. हा पदार्थ १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात आला आणि दहा वर्षांत त्यानं रबराला हाकललं. विमानाच्या खिडक्यांना जे पर्स्पेक्स लावत त्याचाच हा भाऊ. पूड आणि द्रव, आकारमानानं तीनास एक. द्रवाचा वास एकदा नाकात गेला की जन्मभर ओळखू येतो. मिसळल्यावर आधी ओल्या वाळूसारखं दिसतं. मग बोटात धरून ताणलं तर तार सुटते, पाकासारखी, आणि एकतारी पाकाइतकंच हे चुकवून चालत नाही. तार तुटायला लागली, बोटाला चिकटेनासं झालं, कणकेसारखा गोळा झाला, की साच्यात भरायचं. उशीर केलात तर रबर होतं आणि दाबताना दात हलतात. मामा घड्याळ बघायचे नाहीत, बोटानं बघायचे.

मग शिजवणं. साच्याचा पितळी फ्लास्क पाण्यात ठेवून साधारण ७४ अंशांवर सात-आठ तास, आणि शेवटी तासभर उकळी. घाई केली की काय होतं ते सांगते. तो द्रव पाण्याइतक्याच, म्हणजे शंभर अंशांच्या जेमतेम वर उकळतो. आणि गोळा घट्ट होताना स्वतःही उष्णता सोडतो. बाहेरून भसकन तापवलं तर आतला न शिजलेला द्रव उकळून बुडबुडे धरतात, आणि कवळी तोडून पाहिली तर आत इडलीसारखी जाळी. जाळीत मग जंतू, वास आणि पान खाणाऱ्यांच्या कवळीत तो कधी न जाणारा लाल डाग. फ्लास्क उघडायचा तोही पूर्ण गार झाल्यावर. गरम उघडला की आतला ताण सुटतो आणि कवळी वळते. याच कारणासाठी घरी सांगून ठेवते, कवळी धुवायला उकळतं पाणी घेऊ नका. स्वच्छ होईल, पण ती मग तुमची राहणार नाही.

एवढं सांभाळूनही अ‍ॅक्रिलिक आकसतं. निव्वळ द्रव आकारमानानं २१ टक्के आकसतो, पुडीत मिसळलेला गोळा सातेक टक्के. वरच्या कवळीत हे आकसणं दिसतं ते टाळूच्या मागच्या कडेला, मधोमध. तिथे कवळी मॉडेलपासून बारीकशी उचलते. तिथून हवा शिरली की वरची कवळी ‘रामराम’ म्हणताना खाली येते. मग यावर उपाय? उपाय असा, की आम्ही कवळी करण्याआधीच मॉडेलला खोटं बोलायला लावतो. टाळूच्या मागच्या मऊ पट्टीवर प्लास्टर मुद्दाम खरवडून खोल करतो. त्यामुळे कवळी त्या जागी उंच होते. आकसून थोडी उचलली तरी मऊ त्वचेत रुतून बसते आणि हवा कोंडली जाते. किती खरवडायचं ते डॉक्टरनं त्या माणसाच्या टाळूवर बोट फिरवून ठरवायचं असतं. प्रत्यक्षात बहुतेक डॉक्टर मॉडेल तसंच पाठवतात आणि लॅबमधला माणूस अंदाजानं खरवडतो. ज्याची टाळू त्यानं कधी पाहिलेली नसते.

धातूच्या कामात चुकांची हीच वजाबाकी अधिक उघड दिसते. मेणाचा दात करायचा, त्याभोवती मातीसारखा पदार्थ ओतायचा, तापवून मेण घालवायचं आणि पोकळीत वितळलेला धातू सोडायचा. ही रीत आपल्याला नवी नाही. बस्तरचे ढोकरा कारागीर आजही अशीच मूर्ती ओततात, आणि कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ती लिहून ठेवलेली आहे. मेण तोलून त्याच्या कितीपट धातू घ्यायचा, इथपर्यंत. दातांच्या कामात ती रुळली १९०७ साली, अमेरिकेत विल्यम टॅगर्ट यांनी ओतकामाचं यंत्र दाखवल्यावर. मूर्तीचं नाक दीड टक्का लहान झालं तर देव रागावत नाही. सोन्याची मिश्रधातू थंड होताना बरोबर तेवढीच आकसते, आणि टॅगर्टनंतर अनेकांच्या टोप्या दाढेवर चढेनात त्या यामुळे. कोबाल्टसारख्या स्वस्त धातू तर दोन टक्क्यांच्याही वर जातात.

फेड करायची ती साच्यातून. साच्याच्या पुडीत सिलिका घालतात, क्वार्ट्झ किंवा क्रिस्टोबलाइट. क्रिस्टोबलाइट दोनशेच्या वर आणि क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम फुगतं. म्हणजे साचा तापवून आधी दीड टक्का मोठा करायचा, त्या मोठ्या पोकळीत धातू ओतायचा, आणि धातूला आकसून नेमकं मूळ मापावर येऊ द्यायचं. दोन चुका, उलट दिशांच्या, सारख्या आकाराच्या. साच्याला फुगायला जागा हवी म्हणून लोखंडी कड्याच्या आत एक पट्टी लावतात. आता ती सिरॅमिक कागदाची असते. मामांच्या काळात अ‍ॅस्बेस्टॉसची होती. ते ती कात्रीनं कापायचे, पाण्यात भिजवायचे आणि बोटानं आत बसवायचे. तोंडाला रुमालसुद्धा नसायचा.

तोंडातल्या भरणीवर फार वेळ घेत नाही, तो दुसऱ्या व्याख्यानाचा विषय आहे. पण ‘चांदी भरली’ म्हणतात त्या अमाल्गमबद्दल एक सांगायला हवं. चांदी, कथील, तांबं आणि वजनानं जवळजवळ निम्मा पारा. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या पहिल्या मोठ्या संघटनेनं १८४५ साली सभासदांकडून ती न वापरण्याची शपथ घेतली. शपथेच्या भांडणातच संघटना १८५६ साली मोडली, चांदी राहिली. तिचा गुण तिच्या खोडीतच होता. ती दाताला चिकटत नाही, कडेला बारीक फट राहते. मग हळूहळू ती गंजते आणि तो गंजच फट बुजवतो. आता पाऱ्याच्या मिनामाता करारामुळे, ज्यावर भारतानं २०१८ साली शिक्कामोर्तब केलं, ती जगभर मागे हटते आहे, आणि ते योग्यच आहे. तिच्या जागी आलेलं दातासारख्या रंगाचं कॉम्पोझिट निळ्या प्रकाशात घट्ट होतं, आणि होताना आकसून दाताच्या भिंतीपासून सुटायला बघतं. म्हणून दोन-दोन मिलिमीटरचे थर द्यावे लागतात. सुटू नये म्हणून आधी दाताला आम्ल लावून खरबरीत करतात. ही कल्पना मायकेल ब्युओनोकोर यांना १९५५च्या सुमारास धातू रंगवण्याआधी आम्ल लावतात त्यावरून सुचली. खाली लवंगेच्या तेलाचं सिमेंट असेल तर मात्र तेच तेल कॉम्पोझिटला घट्ट होऊ देत नाही. आपली दातदुखीची जुनी लवंग नव्या मालाशी असं भांडते. थर देत बसायला डॉक्टरला वेळ नसेल, तर सहा महिन्यांत थंड पाणी लागल्यावर तुम्हाला कळेल.

आता सगळे विचारतात, कॅमेऱ्यानं माप घेतात, यंत्रात झिरकोनियाची टोपी कोरतात, मग ही वजाबाकी संपली का? झिरकोनियाची चकती खडूसारखी मऊ असताना कोरतात आणि मग १५०० अंशांच्या आसपास भाजतात. भाजताना ती प्रत्येक बाजूनं सुमारे २० टक्के आकसते. दीड नव्हे, वीस! म्हणून यंत्र टोपी तेवढी मोठी कोरतं. किती मोठी, तो गुणक प्रत्येक चकतीवर छापलेला असतो, आणि लॉट बदलला की तो बदलतो. मला तो आकडा पहिल्यांदा दिसला तेव्हा मामांचा पेला आठवला. चूक तीच, फक्त कारखान्यात मोजून वर चिठ्ठी लावलेली. एक-दोन दाढांसाठी मी आज कॅमेराच निवडेन, लगद्याच्या मागे लागणार नाही. पण दात नसलेल्या तोंडात हिरड्या मऊ असतात, दाबल्या की दबतात. कॅमेरा बघतो, दाबत नाही. तिथे अजून बोटच लागतं.

हे सगळं करणारा माणूस रुग्णाला दिसत नाही. देशात दंतवैद्यकाचा कायदा १९४८ साली आला, त्यात ‘डेंटल मेकॅनिक’ हा शब्द होता. कायद्यानं त्याला ओळखलं, आपण नाही. तो सिलिकाच्या धुळीत श्वास घेतो. स्वस्त निकेल मिश्रधातूंत बेरिलियम असलं तर घासताना ते फुप्फुसात जातं. अ‍ॅक्रिलिकचा द्रव हाताची कातडी फोडतो. धूळ ओढणारं यंत्र, मास्क, हातमोजे हवेत, तरी अनेक लॅबमध्ये अजून खिडकी उघडी ठेवणं हीच व्यवस्था आहे. मामांना निवृत्तीनंतर जिना चढताना दम लागायचा. कशानं, ते कुणी तपासलं नाही. मीही नाही.

तुमच्याकडे एकच मागते. पुढच्या वेळी कवळी किंवा कॅप बसवून घ्याल तेव्हा डॉक्टरांना विचारा, ही कुठल्या लॅबमध्ये झाली आणि कुणी केली. चकतीचा लॉट नंबर ज्यांच्याकडे लिहून ठेवलेला असतो, त्यांच्याकडे माणसाचं नावही असायला हवं. नसेल, तर पुढच्या भेटीपर्यंत शोधून ठेवा म्हणावं.